तीन नंबर

उद्यमनगरात रात्री साडेअकराला
शेजारचं लेथ थांबतं, आणि मग कुठं
माझ्या टेबलावरचा आवाज ऐकू येतो:
टक्.
पुन्हा टक्.
आठ निळ्या डब्या, काडेपेटीहून लहान,
हिरव्या पट्टीवर रांगेत बसलेल्या;
पट्टीची यूएसबी वायर जुन्या लॅपटॉपात,
ज्याचं एंटर जरा जोरात दाबावं लागतं.

काळ्या पडद्यावर मी लिहिते,
रिले तीन चालू. एंटर.
भिंतीकडचा पाचशे वॉटचा हॅलोजन भक्कन लागतो.
रिले तीन बंद. एंटर.
पहिल्या दिवशी हे मी चाळीसदा तरी केलं,
पोरानं दाराची कडी वाजवत बसावं तसं.
कुणाला तरी बोलावून दाखवावंसं वाटलं,
तर गल्लीत फक्त बिडाच्या भुशाचा वास
आणि पोत्यावर झोपलेलं एक कुत्रं.

बापाचं दुकान याच गल्लीत होतं.
आदगोंडा मगदूम, मोटर रिवाइंडिंग.
त्याचं चालू-बंद खांद्यातून यायचं:
लोखंडी पेटी, चिनी मातीचे फ्यूज,
लाकडी मुठीचा खटका, पायाखाली रबर,
आणि एक हात कायम खिशात.
"दोन हात लावलंस की करंट काळजातनं जातोय,"
हे मला बाराखडीच्या आधी पाठ.
दुकान विकून दोन वर्षं झाली.
तिथं आता कुरिअरवाले आहेत.

शिरोळच्या गिऱ्हाइकाला पंपाचं कार्ड द्यायचंय.
दहा हजार वेळा चालू, दहा हजार वेळा बंद,
पाच सेकंद हे, पाच सेकंद ते:
अठ्ठावीस तासांचं काम.
बाराला हुकूम लावला, शटर ओढलं, घरी गेले.

सकाळी आठला आकडा दोन हजार नऊशेच्या पुढं.
पडदा शहाण्यासारखा लिहीत होता
तीन चालू. तीन बंद. तीन चालू. तीन बंद.
प्रत्येक ओळीपुढं शून्य, म्हणजे सगळं ठीक.
आणि हॅलोजन?
हॅलोजन जळतच होता.
बंद म्हटलं तरी. भिंतीचा चुना पिवळा पडलेला.

मी वायर तपासली, ओळी तपासल्या,
पट्टीचं नाव बदललं का ते बघितलं.
मागं दारात तो कधी येऊन उभा राहिला कळलं नाही.
"चिकटलाय त्यो," म्हणाला,
आणि पेचकसाच्या मुठीनं
तिसऱ्या डबीच्या डोक्यावर एक टिचकी दिली.
टक्.
अंधारलं एकदम.

"आत चांदी असतीया. हुपरीच्या पैंजणाची न्हवं,
पण चांदीच. लई तापली की एकमेकीला धरतीया.
त्यानं तुजं ऐकलंय गं. सुटायला येईना झालंय."

तीन नंबर मी काढून टाकला.
पुढच्यासाठी एक ओळ वाढवली:
बंद केल्यावर सेकंदभर थांब,
पलीकडच्या टोकाला वीज आहे का ते बघ,
मगच बंद म्हण.
त्यानं चष्मा वर करून वाचायला लावली, मराठीत.
"येवडं इचारायला लागतंय व्हय?"
"लागतंय."
बराच वेळ तो त्या पट्टीकडं बघत राहिला.

मग जातो म्हणाला, चहा नको म्हणाला.
खिडकीतून दिसला:
कुरिअरच्या बंद शटरपुढं थांबलेला,
आठ वाजून गेलेले,
एक हात खिशात,
आणि खिशात हलणारी किल्ली.